दोन रेघांपाशी थांबायचं

लीड्स, ६ ऑक्टोबर २०२४

बाबा, जय भीम.

शाळेत हिंदीच्या बाईंनी पत्र शिकवलं तेव्हा मी वहीत ‘पूज्य पिताजी, सादर चरणस्पर्श’ असं लिहून आणलं होतं. तुम्ही ते खोडलंत. आपल्यात कोणी कोणाच्या पाया पडत नाही, कागदावरसुद्धा नाही, असं म्हणालात. तेव्हा सरळ जय भीम.

रविवारी फोन केला की आई सांगते, ‘थे झाडाले पाणी देऊन राह्यले.’ तीन रविवार झाले, तुम्ही त्या एकाच पेरूला पाणी देताय. अशानं झाड कुजेल. तुम्ही फोनवर यायचं नाही असं ठरवलंय हे मला कळतं, आणि तुम्ही ठरवलेलं मोडत नाही हे तर लहानपणापासून कळतं. पण पत्र तुमच्या नावाचं असेल तर ते तुमच्याच हातात पडेल. म्हणून हाताने लिहायला बसले.

इथलं सगळं ठीक आहे. वर्गात आम्ही अकरा जण आहोत. आठवड्याला दोन जाड पुस्तकं वाचायची आणि गोल बसून त्यांच्याबद्दल बोलायचं, याला इथे साहित्याचं शिक्षण म्हणतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मंग तं हे काम तुया बापालेच द्याले पायजे होतं.’ आईचं बोलणं तुम्हाला माहीतच आहे, ती काही मनात धरून बोलत नाही. पण मला दिवसभर ते लागून राहिलं.

घरात माझ्यासोबत पुण्याची मोनाली राहते. ती पाण्याच्या इंजिनिअरिंगला आहे. पहिल्याच दिवशी माझं आईशी बोलणं ऐकून तिनं विचारलं, ‘तू आत्ता हिंदीत बोलत होतीस की मराठीत?’ मी म्हटलं, भिलाईत. मुलगी चांगली आहे. वरणाला फोडणी मात्र माझी, असं आमचं ठरलंय.

आता विहारातल्या त्या रविवारचं. मला एवढंच सांगायचं आहे की अर्जातलं ते वाक्य माझं नव्हतं. नेहरू नगरच्या क्लासचे सर अर्ज ‘स्ट्राँग’ करून देत. मी लिहिलं होतं की माझे वडील स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर आहेत. सरांनी त्याचं काय करून ठेवलं ते मी पाठवायच्या घाईत पाहिलं नाही. चूक माझी आहेच, पण ती न पाहिल्याची आहे.

वर्षावासाचे तीन महिने संपायला अजून अकरा दिवस आहेत. आषाढी पौर्णिमेपासून तुम्ही रोज विहारात वाचत आणलेला बुद्धाचा ग्रंथ असा मध्येच सोडू नका. आता तुमच्या जागी प्रेमानंदकाका हिंदीतून वाचतात, ते चांगलेच वाचत असतील. पण तुम्ही पुन्हा बसा. माझ्यावर रागवायचं तर रागवा, विहारावर कशाला?

तुमची,
आम्रपाली


लीड्स, ६ डिसेंबर २०२४

बाबा, जय भीम.

आज इथे चार वाजताच अंधारतं. सकाळी मी आणि मोनालीने खिडकीत मेणबत्ती लावली. आग लागल्याची घंटा वाजू नये म्हणून तिने खिडकी उघडून धरली होती आणि थंडीने आमचे दात वाजत होते. विहारात आज तुम्ही पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत उभे राहिला असाल. वाचायला बसला नसाल, हे आईने सांगितलं आहे.

तिने आणखीही सांगितलं. माझं पहिलं पत्र तुम्ही टीव्हीवर ठेवलंत आणि ते तिथेच आहे. फोडलेलं नाही. एका अर्थी बरंच झालं. त्यात एक खोटं आहे. ते पत्र आता फोडू नका, हे वाचा.

क्लासच्या सरांनी काही केलं नव्हतं. ते वाक्य मी लिहिलं. माझ्या हाताने, क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर, कूलरसमोर बसून. ‘माझे वडील निरक्षर आहेत. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. प्लांटमधून आलेली सूचना मी त्यांना वाचून दाखवायची. आमच्या घरातली पहिली वाचणारी मी.’ इंग्रजीत ते फार छान दिसत होतं. सरांनी उलट विचारलं होतं, हे खरं आहे ना? मी हो म्हटलं.

का लिहिलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. त्या दिवशी विचारलं असतं तर बरं झालं असतं. आधीच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्यांचे तीन अर्ज सरांनी आम्हाला नमुना म्हणून दिले होते. प्रत्येकात काहीतरी भयंकर होतं. मी माझ्या घराकडे पाहिलं. बापाला नोकरी, सेक्टर २ चं क्वार्टर, नळाला दोन वेळ पाणी, अंगणात पेरू. बाबा, माझ्याकडे दुःख कमी पडत होतं. मग मी ते आजोबांकडून आणलं. गुलाबराव आजोबांना वाचता येत नव्हतं, हे खरं आहे. सूचना वाचून दाखवली हेही खरं आहे, तुमचा चष्मा फुटला होता आणि नवा यायला आठ दिवस लागले तेव्हा. सगळं खरंच होतं, फक्त मी ते एक पिढी खाली सरकवलं. पवनीजवळच्या त्या गावात सातवीपर्यंत शाळेत बसलेला पोरगा मी मधूनच पुसून टाकला आणि त्याच्या जागेवर स्वतः जाऊन बसले.

आणि मला भीती वाटली नाही, कारण ते इंग्रजीत होतं. तुम्हाला इंग्रजी येत नाही, यावर मी भरवसा ठेवला. हे लिहिताना माझी मलाच किळस येतेय.

प्रफुलभाऊंची काही चूक नाही. त्यांनी विद्यापीठाच्या पानावर माझा फोटो आणि खाली तो मजकूर पाहिला. दुर्गहून ड्युटी करून आलेला माणूस, फोनवर त्याचं हिंदी करून घेतलं आणि विहारातल्या माझ्या सत्कारात अभिमानाने माइकवर वाचलं. ‘मेरे पिता अनपढ़ हैं’ इथपर्यंत आल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला, पण माइक सुरू होता. तुम्ही त्यांच्या बाजूलाच बसला होतात, ग्रंथ समोर उघडलेला, चष्मा डोळ्यांवर. सत्कारानंतर वाचन होतं. कोणीही हसलं नाही, आणि ते फार वाईट होतं. मग पहिल्या रांगेतून हिराआजी म्हणाली, ‘तुया बापाले वाचता येत नाई, तं मंग आमी सत्तावीस वर्सं काय आयकून राह्यलो वो?’

तुम्ही ग्रंथ मिटलात. निळ्या कापडात नीट गुंडाळलात, चारही टोकं दुमडून, आणि प्रेमानंदकाकांच्या मांडीवर ठेवलात. ‘आता तुमी वाचा,’ म्हणालात. ‘मले वाचता येत नाई.’ टोमणा मारल्यासारखं म्हणाला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही साधंच म्हणालात. नंतर रायपूरच्या विमानतळावर माझी बॅग उचललीत, पट्टा आवळून दिलात, पण बोलला नाहीत.

वर्षावास संपून दीड महिना झाला. आई म्हणते, शेवटी शेवटी विहारात बाराच माणसं होती. हिराआजी येईनाशी झाली होती. तिचं म्हणणं, ‘हिंदीतनं बुद्ध बोलला का मले हापिसातला सायब वाटते.’

माझं वाक्य तिला ऐकू गेलं, आणि शिक्षा तिला झाली.

आम्रपाली


लीड्स, २ मार्च २०२५

बाबा, जय भीम.

डिसेंबरचं पत्र तुम्ही सुरीने फोडून व्हरांड्यात बसून वाचलंत, असं आईने सांगितलं. किती वेळ वाचलं, मी विचारलं. ‘चहा थंडा होयेपावतर,’ ती म्हणाली. एवढ्यावर मी दोन महिने काढले.

आज एक गंमत सांगते, म्हणजे सुरुवातीला गंमत वाटेल अशी.

आमच्या मॅडमनी वर्गात सगळ्यांना सांगितलं की आपापल्या भाषेतलं एक पान आणा आणि मोठ्याने वाचा. भाषांतर करायचं नाही, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. माझ्या आधी पोलंडची एक मुलगी वाचायला उठली. मला एक अक्षर कळलं नाही, पण ती थांबायची तिथे मीही श्वास धरायची. तिच्या आजीने तिला असं वाचायला शिकवलं म्हणे.

मग मी. फोनवर आपल्या ग्रंथातलं पान काढलं होतं, तुम्ही दर श्रावणात वाचता तेच. मला वाटलं, हे तर मला पाठ आहे. उभी राहिले आणि सुटले. एका दमात चार ओळी, मग दम संपला तो नेमका शब्दाच्या मध्ये. पुन्हा पकडलं, पुन्हा सुटले. अर्ध्या मिनिटात पान संपलं. वर पाहिलं तर सगळे अदबीने हसून राहिलेले. कोणाच्या कानात काही गेलं नव्हतं. बाबा, मी साहित्यात एम. ए. करतेय आणि मला एक पान वाचता येत नाही.

तेव्हा मला रविवारची दुपार आठवली. जेवण झालं की तुम्ही खाटेवर ग्रंथ घेऊन बसायचात आणि पुढच्या आठवड्याची पानं तयार करायचात. पेन्सिलीला टोक काढायचं काम माझं. एक रेघ म्हणजे श्वास घ्यायचा. शब्दाला गोल म्हणजे तो हिंदीत समजावून सांगायचा, कारण पोरांना मराठी कळत नाही. दोन रेघा म्हणजे थांबायचं आणि मान वर करून माणसांकडे पाहायचं. ओव्हनच्या दारांवर खडूने खुणा करायचात, तशाच तुम्ही ग्रंथातही करत होतात. आणि दोन रेघांवर तुम्ही मान वर केली की हिराआजी पहिल्या रांगेतून म्हणायची, ‘मंग?’ तिने मंग म्हटल्याशिवाय तुम्ही पुढे सरकत नव्हता. लहानपणी मला वाटायचं, तेही ग्रंथातच लिहिलेलं आहे.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे, आणि मी लिहिलं की आमच्या घरात पुस्तक नव्हतं.

आता जे सांगायचं टाळतेय ते. वाचून झाल्यावर मॅडमनी विचारलं, तुझ्या घरी असं मोठ्याने कोण वाचायचं? माझ्या तोंडावर ‘बाबा’ आलं होतं. पण मॅडमनी माझा अर्ज वाचलेला आहे. त्या सगळ्या चेहऱ्यांसमोर मी म्हटलं, माझे काका.

मला सख्खे काका नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पहिलं खोटं मी क्लासमध्ये लिहिलं. हे दुसरं तोंडाने बोलले, आणि तेही तुमच्याच वाचनाबद्दल. खोलीवर आल्यावर मोनालीने विचारलं, काय झालं? मी तिला सगळं सांगितलं. ती जराही सावरून घेत नाही. म्हणाली, ‘मग आता काय करणारेस? बाबांना पत्रं लिहून काय होणार, ते तर सगळं जाणतात. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग ना.’

पुणेकर असली तरी बरोबर बोलली.

आम्रपाली


लीड्स, ११ मे २०२५

बाबा, जय भीम.

उद्या बुद्ध पौर्णिमा. आईने खिरीचं सांगितलं. इथे दूध चांगलं मिळतं, पण खिरीला चव येत नाही.

मी मॅडमकडे गेले आणि सांगितलं. आधी त्यांना कळेचना की मी कशाची कबुली देतेय. मग कळलं. शिष्यवृत्तीच्या ऑफिसलाही मी लिहिलं. त्यांनी बोलावलं. एका वयस्क बाईने अर्धा तास शांतपणे प्रश्न विचारले आणि सगळं लिहून घेतलं. वीस दिवस मी रोज सामान बांधायची तयारी मनात करत होते. शेवटी त्यांनी कळवलं की वर्ष पूर्ण करू देतील, ताकीद देऊन. त्या पानावरून माझा मजकूर काढला आहे. आता तिथे फक्त माझं नाव आहे, आणि तुमचं, मध्ये. आम्रपाली चंपत खोब्रागडे.

सगळं ऐकून झाल्यावर मॅडमचे डोळे चमकले. त्या म्हणाल्या, तुझा प्रबंध यावरच का लिहीत नाहीस? कारखान्यातला एक कामगार सत्तावीस वर्षं एक ग्रंथ मोठ्याने वाचतो, पेन्सिलीच्या खुणा करतो, यावर कोणी लिहिलेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी आईला फोन केला. रविवारी बायका विहार झाडायला गेल्या तेव्हा तिने कपाटातून तुमचा ग्रंथ काढून तीन पानांचे फोटो पाठवले. तिला रागावू नका, मीच मागे लागले होते.

फोटो मोठे करून पाहिले. एकाच ओळीवर रेघेच्या बाजूला रेघ, पुसलेल्या, पुन्हा काढलेल्या. आधी तुम्ही लांब लांब अंतरावर थांबत होतात. नंतरच्या वर्षांत रेघा जवळ जवळ आल्यात. ओव्हनच्या धुराने दम कमी झाला असणार. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं, कारण ऐकताना कधी कळलं नाही.

दोन दिवस मी त्यावर लिहीत सुटले. तिसऱ्या दिवशी उठले आणि हात थांबला. मी पुन्हा तेच करत होते, बाबा. तुम्हाला न विचारता तुम्हाला उचलायचं आणि इंग्रजीत नेऊन ठेवायचं. पहिल्यांदा अडाणी करून, या वेळी मोठं करून. विचारलं मात्र दोन्ही वेळा नाही.

फोटो मी काढून टाकले आहेत. आता विचारते. तुमच्या वाचनावर मी लिहू का? हो म्हणालात तर लिहीन आणि प्रत्येक पान आधी तुम्हाला मराठीत वाचून दाखवीन. नको म्हणालात तर विषय बदलेन. मला दहा जूनपर्यंत सांगायचं आहे. तुम्ही आईकडून नुसतं हो की नाही एवढं कळवलंत तरी चालेल.

दुसरं, सोबत एक वेगळा कागद आहे. तो विहारासाठी आहे. खोटं माइकवरून वाचलं गेलं, तर खरंही तिथूनच वाचलं जावं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास बसेल त्या दिवशी प्रफुलभाऊंना तो वाचायला द्या. तुम्ही वाचा असं म्हणायची माझी हिंमत नाही. कागदावर एवढंच आहे:

‘सेक्टर २ च्या विहारातल्या सर्वांना जय भीम. मी आम्रपाली चंपत खोब्रागडे. गेल्या वर्षी माझ्या अर्जातला मजकूर इथे वाचला गेला. तो मी लिहिला होता. मी खोटं लिहिलं. माझे आजोबा गुलाबराव यांना वाचता येत नव्हतं. माझे वडील सातवीपर्यंत शिकले आणि वाचू लागले. त्यांचं ऐकून मी वाचू लागले. आमच्या घरातले पहिले वाचणारे ते, मी दुसरी. शिष्यवृत्तीसाठी मी त्यांची जागा घेतली होती. ती परत करते. त्यांच्यासारखा वाचणारा अख्ख्या भिलाईत नाही.’

आम्रपाली


लीड्स, १५ जून २०२५

बाबा, जय भीम.

दहा तारीख गेली. तुमचं हो आलं नाही आणि नाहीही आलं नाही. मी मॅडमना सांगितलं की मी दुसऱ्या विषयावर लिहीन. त्यांनी समजवायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, नाव बदलून लिही, गाव बदलून लिही. मी म्हटलं, हे मी एकदा केलंय.

आता मी इथल्याच एका जुन्या गिरणीतल्या बायकांच्या पत्रांवर लिहितेय. विषय बरा आहे. मन लागतं असं नाही, पण काम होतंय.

मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तुमचं वाचन तुमचं आहे. मी मागितलं आणि तुम्ही दिलं नाहीत, यात कुठे अन्याय नाही.

काल आईने फोनवर सहज सांगितलं की तुम्ही घरभर शार्पनर शोधत होतात. ‘आता ह्या वयात कायले पायजे यायले शार्पनर?’ ती म्हणाली. ते माझ्या जुन्या कंपासपेटीत आहे, आईच्या शिवणाच्या मशीनच्या खणात. मी पुढचा विचार करणार नाही असं ठरवलंय. नुसतं कुठे आहे ते कळवतेय.

आम्रपाली


लीड्स, ३ ऑगस्ट २०२५

बाबा, जय भीम.

तुमचं पाकीट शुक्रवारी आलं. वर पत्ता तुमच्या अक्षरात, इंग्रजीत. एकेक अक्षर सुटं, मोठं, गल्लीचं नावसुद्धा बरोबर. इंग्रजी तुम्हाला लिहिता येत नाही, असं मी आजवर समजत होते. किती वेळ लागला असेल?

आत माझाच कागद होता, विहाराचा. मला वाटलं, परत केलात. मग उलगडला तर सगळ्या ओळींवर पेन्सिल.

आईने आषाढी पौर्णिमेचं फोनवर आधीच सांगितलं होतं, पण मला तेव्हा नीट पटलं नव्हतं. ती म्हणाली, प्रेमानंदकाका हिंदी ग्रंथ उघडून बसले होते. तुम्ही उठलात, खिशातून कागद काढलात आणि म्हणालात, ‘थांबा जरासे. माह्या पोरीची चिठ्ठी हाये, मी वाचतो.’ प्रफुलभाऊंना तुम्ही तो कागद कधी दिलाच नव्हता. हिराआजीला आई हात धरून घेऊन आली होती. तुम्ही वाचायला लागलात. ‘मी खोटं लिहिलं’ इथे थांबलात आणि मान वर केलीत.  पंखा तेवढा वाजत होता. तुम्ही तसेच पाहत राहिलात, पुढे सरकेनात. आईला वाटलं, आता हे बसतात. मग हिराआजी पहिल्या रांगेतून म्हणाली, ‘मंग?’

आणि तुम्ही पुढे वाचलंत. मग कपाटातून ग्रंथ काढलात, निळं कापड सोडलंत आणि पहिलं प्रकरण मराठीतून सुरू केलंत. तेव्हापासून रोज वाचताय. आईकडून हे ऐकताना मी फोन कानाशी धरून रडत होते आणि मोनालीला वाटलं कोणी गेलं.

आता कागद समोर ठेवून लिहितेय. ‘मी खोटं लिहिलं’ याच्यापुढे दोन रेघा. ‘मी दुसरी’ इथेही दोन. ‘शिष्यवृत्ती’ला गोल, वर बारीक अक्षरात ‘वजीफा’. ‘माझे आजोबा गुलाबराव’ इथे एक रेघ आहे, ती इतकी दाबून काढलीय की कागदाच्या मागून हाताला लागते. आणि शेवटचं वाक्य तुम्ही खोडलंय. समासात लिहिलंय, ‘हे वाचलं नाही. अख्खी भिलाई तू कधी ऐकलीस?’

मागच्या बाजूला तुम्ही जे लिहिलंय ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. तरी उतरवते, म्हणजे बरोबर पोचलं हे तुम्हाला कळेल. ‘आम्रपाली, जय भीम. पत्रं सगळी मिळाली. टीव्हीवरचं फोडलं नाही, ते चुलीत घातलं. फोटो काढायचे तर विचारून काढावे, असं तुझ्या आईला सांगितलं. तू लिहू का म्हणून विचारलंस. दहा तारखेपर्यंत माझं ठरलं नाही, त्याला इलाज नाही. आता लिही किंवा नको लिहू, पण आधी वाचायला शीक. शेवटचं प्रकरण अश्विन पौर्णिमेला येतं. ते तू वाचायचं. खुणा मी करून देणार नाही. तुझा दम किती, ते तुलाच माहीत.’

बाबा, मी चोवीस सप्टेंबरला रायपूरला उतरते. पौर्णिमेला अजून दोन महिने आहेत. तुमच्याशी फोनवर बोलायची आता मला घाई नाही. पेरूला पाणी घाला.

काल दुपारी मी सराव करायला बसले. ग्रंथ इथे नाही, म्हणून हाच कागद घेतला, तुमच्या रेघांवर थांबत थांबत. मोनालीला समोर बसवलं. ती संत्रं सोलत बसली होती. पहिल्यांदा ‘मी खोटं लिहिलं’ इथे आले, दोन रेघा आल्या, आणि माझी मान वर होईना. कागदाकडेच पाहत राहिले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तेच. तुम्ही ती कशी वर केलीत? लिहिलं मी होतं, आणि सगळ्या विहाराकडे पाहिलंत तुम्ही.

तिसऱ्यांदा वर केली. मोनाली हातातली फोड तशीच धरून माझ्याकडे पाहत होती.  तिला काय माहीत की आता तिने काय म्हणायचं असतं. मी थोडी थांबले. मग मीच हळू आवाजात म्हटलं, ‘मंग?’

आणि पुढे वाचलं.

तुमची,
आम्रपाली